माणशी एक पाकीट

बेबाबाईच्या गल्लीत एक जुनी रीत होती. दोंडाईच्याच्या बाजाराला जो जाईल त्यानं सगळ्या गल्लीच्या चिजा आणायच्या आणि ज्यानं त्यानं आपली चीज त्याच्या ओट्यावर येऊन न्यायची. ओट्यावर आलं की चहा ठरलेला आणि चहाबरोबर गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. नवरा गेला, लेक सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून दर बाजाराला बेबाबाईच जायची. लोक म्हणायचे, म्हातारीच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली! बाजाराच्या संध्याकाळी तिचा ओटा भरायचा. एरवी तिथं कुत्रंही फिरकत नव्हतं.

मग झुलालनं गावातच किराणा टाकला. साखर, चहा, बिड्या सगळं दाराशी आलं आणि बेबाबाईची पिशवी हलकी झाली. आणण्यासारख्या उरल्या फक्त पडशाच्या गोळ्या. झुलाल औषधं ठेवत नव्हता, देव त्याचं भलं करो.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात गल्लीभर नाकं वाहायला लागली. बेबाबाईचंही चोंदलं होतं, पण ती खुशीत होती. पाच-सहा घरांनी गोळ्या सांगितल्या होत्या.

औषधाच्या दुकानात रतिलालनं मान हलवली. "बेबाअक्का, आता माणशी एकच पाकीट. वरून हुकूम आहे."

"काबर रे भाऊ?"

"कुठं तरी या गोळ्या पोत्यानं नेऊन त्यातून नशेची पावडर काढतात म्हणे. जास्त हव्या तर ज्याच्या त्याच्या नावाची डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"मी काय पावडर करनारी दिखस का तुले?"

रतिलाल हसला, पण पाकीट एकच दिलं. त्याचाही इलाज नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या मानेवर कुणीतरी बसलेलं असतं.

संध्याकाळी लोक आले, हुकूम ऐकला, सरकारच्या नावानं बोटं मोडली आणि उभ्याउभ्याच परतले. पडशासाठी डॉक्टरकडे कोण जातं! शेजारची कमलबाई तेवढी मागं राहिली.

"अक्का, एक पाकीट तर शे ना? माले अर्धं दे."

बेबाबाईनं पाकिटातल्या पट्टीतून कात्रीनं एकच गोळी कापून तिच्या हातावर ठेवली. "आते नियम शे, माय. एक माणूसले एकच भेटी. सकाय ये, दुसरी देसू."

कमलबाई चहा पिऊन, सुनेची गाऱ्हाणी सांगून गेली. बेबाबाईला किती बरं वाटलं! आपल्या हुशारीवर ती एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून ओट्यावर बसली. तोंडानं श्वास घेत होती, तरी पाकिटाला हात लावला नाही. आपणच खाल्ल्या तर द्यायला काय उरेल?

दिवस कलला तेव्हा कमलबाई पाण्याची कळशी घेऊन समोरून चालली होती.

"कमल, गोळी लेवाले उनी नही?"

"आते गरज नही, अक्का. एक गोळीमाच नाक मोकळं व्हयनं."

"आणि पोऱ्यासले? त्यासले पडसं नही का?"

"नही, देवनी दया शे," म्हणत कमलबाई पुढं गेली.

बेबाबाईला स्वतःची लाज वाटली. लेकरांना पडसं यावं म्हणून ती आस लावून बसली होती. आणि ती आस अजूनही सुटत नव्हती.