ड्रमवरची हळद

खंडेनवमीच्या दुपारी दीपिका जेवून परळच्या प्रयोगशाळेत परतली, तर तिच्या यंत्राचं काचेचं दार सताड उघडं. आतल्या ड्रमवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली आणि वर ओला झेंडू.

यंत्रानं ड्रमवर गुंडाळलेला पांढरा पापुद्रा वाळत होता. केसाहून शेकडो पट बारीक धागे, सगळे एका दिशेनं बसलेले. तुटलेल्या कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या, नव्या पेशी अशा धाग्यांच्या आधारानं रांगेत वाढतात का, हे तिला बघायचं होतं. पावसाळाभर दमट हवेनं धागे सरळ बसू दिले नव्हते. हा पापुद्रा पहिलाच जमलेला. उद्या त्यावर पेशी सोडायच्या होत्या. तिची पीएचडी तिथेच अडली होती.

"कुणी केलं हे?"

"पाहुण्यांच्या हस्ते केली पूजा," प्रयोगशाळेचे प्रमुख हितेंद्र सर म्हणाले. शेजारी निधी देणाऱ्या कंपनीचे दोघं उभे होते.

"टेन्शन नको मॅडम," त्यातला एक हसला. "हळद अँटिसेप्टिक असते."

"तीच तर भानगड आहे. उद्या पेशी वाढल्या काय, मेल्या काय, धाग्यामुळे की हळदीमुळे, कसं ओळखू?"

"मी सांगणारच होते गं..." शेजारच्या टेबलावरची रुपाली पुटपुटली.

"कधी? आरती झाल्यावर?"

"डाग पडलाय तेवढं काप, बाकीचं वापर," सर म्हणाले. मग आवाज उतरवून, "तुमच्यात हे चालत नाही, कळतं मला. पण दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान..."

दीपिकाची कानशिलं तापली. घोडपदेवच्या तिच्या आजोबांना गिरणीच्या साचेखात्यात, विणकामावर, कधी घेतलंच नाही. तिथे धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धागा इतरांना चालत नव्हता. आता चालत नाही म्हणे तिला!

"सर, सकाळी फ्रिजला हार मी घातला. माझी जात मध्ये आणू नका. हळदीचं पाणी पार कडेपर्यंत उडालंय. माल बाद झालाय."

"दीपिका, पाहुणे आहेत."

"म्हणून तर मोठ्यानं सांगतेय."

तिनं पातं घेतलं, ड्रमवर एक उभी चीर दिली आणि अख्खा पापुद्रा सोलून कचऱ्यात टाकला. मग स्पिरिटनं ड्रम पुसला.

"परत जमेल?" रुपालीनं विचारलं.

"काय माहीत."

यंत्राचं दार लावून तिनं कुलपाची किल्ली काढली.

"किल्ली इथे ठेव," सर म्हणाले.

"नाही ठेवत."