बाहेर या

ती गेली हे मला कळलं त्या दिवशी कर्ण्यावर तिचाच आवाज चालू होता.

"वायू सुटला आहे. काम सोडा. शांतपणे बाहेर या."

मी कुंपणाबाहेरच्या शेडमध्ये एका पिंपावर पिवळा पट्टा ओढत होतो. डेपोतल्या पिंपांना पट्टे मारणं हे माझं काम. आवाज ऐकला आणि मनात आलं, बोलतेय म्हणजे बरी आहे. ती आधी यंत्रात भरून ठेवलेली सूचना होती हे मला चांगलं ठाऊक होतं. ती भरली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तरी पटांगणातल्या गर्दीत मी तिला शोधलं ते त्या आवाजाच्या भरवशावर, ब्रश हातात ठेवून, घाई न करता.

मग मेव्हणा आला. तिचा धाकटा भाऊ, डेपोची सुरक्षा सांभाळणाऱ्या तिच्याच हाताखाली मुकादम. त्याचा वायूपासून बचावाचा मुखवटा गळ्यात लोंबत होता.

"तुझी ताई कुठंय?" मी विचारलं.

"येते म्हणाली, दाजी. मी दारातून हाक मारली, ताई, चल. ती म्हणाली, येते. मला वाटलं बाहेर येतेय." तो माझ्या हातातल्या ब्रशकडे बघत राहिला. "झडप बंद करायला आत गेली ती. मुखवटा न घालता."

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतं. तिनं त्याला कुठलं येते म्हटलं, ते त्याला कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

आमचा डेपो नदीकाठी आहे. तीन देशांनी मिळून ठरवलं की जुनी विषारी रसायनं गोळा करायची, नदीच्या दोन्ही काठांवर साठवायची आणि तिसऱ्या देशातल्या मोठ्या भट्टीत जाळायची. एकट्यादुकट्याला झेपणारं काम नव्हतं ते. अलीकडचा डेपो आमचा, पलीकडचा शेजाऱ्यांचा. पिंपं नावेतून इकडून तिकडे जायची. प्रत्येक पिंपावर रंगीत पट्टा हवा एवढं ठरलं होतं. कुठल्या रंगाचा अर्थ काय, हे मात्र ज्याच्या त्याच्या घरचं राहिलं. आमच्याकडे पिवळा म्हणजे गंधकाचा गाळ. त्यांच्याकडे पिवळा म्हणजे आम्ल. त्यांचं पिंप आमच्या गाळाच्या टाकीत रिकामं झालं. त्यांच्या रंगाऱ्याचं बरोबर होतं, आमच्या हमालांचंही बरोबर होतं.

त्या मिश्रणातून जो वायू निघतो त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. थोडा असला तर येतो. जास्त झाला की नाक मरतं आणि वास थांबतो. ती नव्या माणसांना सांगायची, "वास आला तर चाला. वास थांबला तर पळा."

घरी तिच्या उशीला तिच्या तेलाचा वास होता. मी अभ्रा बदलला नाही. मग एके दिवशी दुपारी उशी नाकाशी धरली तर वास नव्हता. मी घरभर धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या आणि जिन्यात येऊन उभा राहिलो. शेजारीण वर येत होती. "काय हो, गॅस सुटलाय का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो, पण आत जायला बराच वेळ पाय उचलला नाही.

त्यानंतर ती पलीकडच्या काठावरून बोलायला लागली.

दोन्ही डेपोंत दोन्हीकडची माणसं कामाला जात, म्हणून सूचनाही दोन्हीकडे दोन्ही भाषांत लावायच्या असं ठरलं होतं. तिच्यानंतर आमच्या साहेबांनी इकडची तिची सूचना बंद केली. मी सांगितलं नव्हतं, त्यांना आपणहून सुचलं. पलीकडे ती तशीच राहिली. तिकडे आठवड्याला कर्ण्याची चाचणी होई. वारा आमच्या बाजूला असला की आधी त्यांची भाषा यायची, मग ती. "शांतपणे बाहेर या." मग खट्ट असा आवाज, आणि अगदी हळू, तोंड वळवून बोलल्यासारखं, "येते."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रंगाचा डबा माझ्या पायावर सांडला. मेव्हण्याला सांगितलं तर तो आधी पांढरा पडला, मग म्हणाला, "अहो, ते मीच. म्हणजे सूचना भरून होताहोता मी हाक मारली होती, ताई, चहा आलाय, त्यावर ती येते म्हणाली. ते शेपूट आपण कापलं, त्यांच्याकडे तसंच गेलं असेल."

"मग तुझी हाक का येत नाही?"

"मी लांब होतो ना, दाजी." थोड्या वेळानं म्हणाला, "येत नाही का खरंच?"

पुढे पलीकडच्या बाई मला भेटायला आल्या. तिकडच्या सुरक्षेच्या इंजिनियर. आमची भाषा पुस्तकातून शिकलेल्या, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा बोलायच्या. त्यांच्याकडे सराव झाला होता, खोटा भोंगा देऊन. आमचा एक ड्रायव्हर बाहेर पडायचं सोडून गोदामात आतआत चालत गेला. अडवला तर म्हणाला, "बाई एवढ्या आर्जवानं बोलावतायत, नाही कसं म्हणायचं?"

"आमचा कर्णा आतल्या भिंतीवर आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या पत्नी 'या' म्हणतात. 'या' म्हणजे बोलणाऱ्याच्या जवळ. बरोबर ना?"

बरोबर होतं. आमच्याकडे कर्णा दाराबाहेर होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कागदावर तर "बाहेर जा" असंच होतं. तिनंच बदललं. "जा काय, जा? माणसांना असं घालवून देतात का?" असं म्हणून तिनं मला हसवलं होतं.

"तुम्हाला विचारल्याशिवाय पुसायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण खरा वायू सुटला, तर तो माणूस त्यांच्या आवाजामागे जाईल."

तिचा दुसरा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत. मी बाईंना म्हणालो, "पुसा." आणि नवी सूचना मीच भरतो, असंही सांगितलं. ती जागा परक्या आवाजाला द्यायची नव्हती.

ऑफिसच्या मागच्या खोलीत मेव्हण्यानं यंत्र लावलं. मी म्हणालो, "वायू सुटला आहे. काम सोडा. शांतपणे बाहेर या."

"जा म्हणा, दाजी."

"तेच म्हणालो."

त्यानं ऐकवलं. या होतं. पुन्हा भरलं, पुन्हा या. मला जीभ जा वर टेकल्याचं आठवत होतं, आणि यंत्रात या होतं.

"कान तुझे चुकतायत का जीभ माझी?" मी म्हणालो. तो हसला नाही. यंत्र बंद करून म्हणाला, "उद्या बघू."

पलीकडचा आवाज पुसल्यानंतर पहिली चाचणी झाली तेव्हा आम्ही दोघं शेडच्या दारात चहा पीत होतो. वारा आमच्याकडे होता. भोंगा वाजला, त्यांच्या भाषेतली सूचना झाली आणि कर्णा बंद झाला. मग खट्ट झालं.

"येते."

मेव्हण्याचा कप ओठांपाशी थांबला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?" तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता नदीकडे बघत.

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी स्वतः पुसलं आहे, त्यात आता काहीच नाही. मी बरं म्हणालो. कुणी येते म्हटलं की या म्हणायचं असतं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

तीन देशांची बैठक झाली. पट्ट्यांचे रंग आता सगळीकडे एक आहेत. जुनी पिंपं मी आणि पलीकडच्या रंगाऱ्यानं मिळून पुन्हा रंगवली. कर्णे दोन्हीकडे दाराबाहेर आले, पण बैठकीनं शब्दही "जा" हाच ठरवला आहे, उद्या कुणी कर्णा हलवला तरी चूक होऊ नये म्हणून. आमच्या भाषेपुरतं सध्या नुसत्या भोंग्यावर काम चाललं आहे, आणि भोंगा कशाचा आहे ते आमच्या नव्या माणसाला कळत नाही.

सूचना अजून भरायची राहिली आहे.