गुरुजींचा माठ

रघुवीर सरांना पदरात पाडून घ्यायचं होतं ते एवढंच: मे महिन्यात रिकामी होणारी मुख्याध्यापकाची खुर्ची, दारावर नावाची पाटी आणि सासुरवाडीत थोडं वजन. त्यासाठी संस्थेचे अध्यक्ष सयाजीराव खूश राहिले की झालं.

महाडच्या या शाळेचे संस्थापक गोमाजी गुरुजी. तरुणपणी चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिलेला माणूस. स्थापना दिनाला त्यांनी रीत घालून दिली: सर्वांत नव्या शिक्षकाने माठ भरायचा आणि वक्त्याने त्याच्या हातचं पाणी पिऊनच बोलायला उभं राहायचं. यंदा नवी होती दीक्षा, बिरवाडीच्या बौद्धवाडीतली. वक्ते रघुवीर सर. विषय, 'गुरुजींचे विचार कालबाह्य झाले आहेत का?'

आदल्या दिवशी पोलादपूरहून सयाजीरावांचा फोन आला. "सर, उद्या आय पण येतेय. तिला माठाचं पानी चालनार नाय. बाटली ठेवा."

का, हे सरांनी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात. आणि समजून घेण्यात सरांचा हात कोण धरणार? त्यांनी व्यासपीठावर प्रत्येकापुढे सीलबंद बाटली मांडली. माठ पडद्यामागे गेला.

दीक्षा तरी तांब्या भरून पुढे आलीच. "सर, पाणी."

सरांनी सयाजीरावांकडे चोरून पाहिलं. "राहू द्या मॅडम, आहे इथे," म्हणत बाटलीचं झाकण फिरवलं.

तांब्या भरलेलाच मागे गेला. सर बोलले झकास: गुरुजींचे विचार अमर आहेत. टाळ्या मात्र चुकारच पडल्या.

खाली उतरताच सयाजीरावांनी गाठलं. "बाटल्या सगळ्यांना कशाला ओ?"

"आईसाहेबांना अवघड वाटू नये म्हणून..."

"किमो चालू हाय तिची! डॉक्टरानं सीलबंदच प्यायला सांगितलंय. मला त्या पोरीच्या हातचं पानी प्यायचं होतं. आमाला काय समजलात तुम्ही?"

'माझ्यासारखेच' हे उत्तर सरांच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

मागे दीक्षा माठ रिकामा करत होती.

"मॅडम, जरा गैरसमज झाला."

"कुणाबद्दल, सर?" तिने मान वर केली नाही.

खुर्ची सरांना मिळाली. सेवाज्येष्ठता त्यांचीच होती, खुर्ची तशीही मिळणारच होती. दीक्षाने संस्थेच्या लांबच्या पोलादपूर शाखेत बदली मागून घेतली. आता रोज पहाटे उठून बिरवाडीहून एसटी गाठते. समज सरांचा, भुर्दंड तिला.