चौतीस व्होल्ट

मास्तरांच्या गाडीची डिकी उघडली आणि कानसेनच्या नाकात तो वास शिरला. जळक्या लाखेचा, जरासा गोडसर, घशात बसणारा. सबवूफरच्या, म्हणजे जड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, आतली तारेची कॉइल जळली की असाच वास येतो. त्याने काळ्या पडद्यावर बोटं टेकवून हलकेच दाबलं. पडदा खरखरत अडकला. पंधरा दिवसांत मास्तरांचा हा दुसरा सबवूफर गेला होता.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शिकाऊ लोकांनी चालवलेली गिअरची कुटाई सहन करायची आणि संध्याकाळी त्याच गाडीत, काचा वर करून, तासभर गाणी ऐकायची, एवढाच त्यांचा शौक.

"असू दे हो," मास्तर म्हणाले, "व्हायचंच असं कधीकधी."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं. कानसेनच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"ग्राउंडची वायर ढिली राहिलीय. चिऊ! किती वेळा सांगितलं, नट नीट आवळत जा म्हणून!"

चिऊ म्हणजे त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी त्याच्या लेखी चिऊच. गाड्यांना टेप-स्पीकर बसवायच्या त्याच्या दुकानातलं सगळं वायरिंग अकरा वर्षं तिच्याच हातचं. ती आली, डिकीत वाकली, नटाला पाना लावला. नट तसूभर हलला नाही. मास्तरांनीही ते पाहिलं. तिने पाना खाली ठेवला, हातमोजे काढून काउंटरवर ठेवले, पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली.

वायर घट्ट आहे हे कानसेनला आधीच ठाऊक होतं.

कानसेन हे नाव त्याला गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की कोणत्या दाराचा स्पीकर सैल आहे हे तो आतून सांगायचा. अँप्लिफायरवर गेनचं एक छोटं बटण असतं. लोक त्याला आवाजाचं बटण समजतात. पण टेपकडून येणारा सूर अँप्लिफायरने किती ताणून पुढे द्यायचा, ते त्या बटणाने ठरतं. फार ताणला की सूर फाटतो आणि फाटका सूर कॉइलला भाजून काढतो. कानसेन डोळे मिटून बटण फिरवायचा, सुराची कड उसवली की केसभर मागे यायचा. वीस वर्षं त्याचा अंदाज चुकला नव्हता.

सहा महिन्यांपूर्वी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, कान तपासून घेतले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडे सरळ चाललेली रेघ मध्यावर आल्यावर जिना उतरावा तशी खाली गेली होती.

"जड आवाज शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज गेलेत. ते परत यायचे नाहीत. मशीन लावून घ्या."

त्याने कागद खिशात घातला आणि घरी कुणाला दाखवला नाही. कान गेलेल्या कानसेनकडे कोण गाडी आणणार? बासचं घुमणं त्याला अजून छातीत जाणवायचं. त्यावर फाटल्याची जी बारीक खरखर चढते, तीच नेमकी त्याच्यापर्यंत येत नव्हती. तो बटण फिरवत राहायचा आणि सूर त्याला शेवटपर्यंत स्वच्छच वाटायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांच्या गाडीत नवा सबवूफर बसवला. मास्तर पाच वाजता येणार होते. दुपारी दोनला त्याने शटर अर्धं ओढलं, टेपवर चाचणीचा एकसुरी आवाज लावला आणि डिकीत अर्धं अंग घालून बसला.

बटण थोडं फिरवलं. घूं. आणखी थोडं. घूं, जरा मोठं. इथे थांबायचं? की पुढे जागा आहे? त्याने पडद्यावर तळहात ठेवला. कपाळ खोक्याला टेकवलं. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून त्याचं टोक लाकडाला लावलं. डोक्यात नुसती घरघर झाली. "अरे, ऐक की," तो स्वतःलाच म्हणाला, "ऐक ना रे!" चाचपडत राहिला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. घामाने बोटं बटणावरून सटकत होती. मध्येच त्याला वाटलं, ऐकू आलं. मग कळलं की तो आपलाच श्वास आहे.

तेवढ्यात तो वास आला. अगदी पुसटसा. त्याने झडप घालून टेप बंद केला. तिसरी कॉइल जळता जळता राहिली होती. तो तिथेच, डिकीच्या कडेला बसला आणि दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबून धरले. वाटलं, शटर पूर्ण ओढावं, किल्ली नाल्यात टाकावी आणि मास्तर येण्याआधी कुठेतरी निघून जावं. हात शटरपर्यंत गेलेही. पण काउंटरवर चिऊचे हातमोजे पडले होते, बोटं आत दुमडलेली. ते पाहून त्याचा पाय निघेना. मग तो तसाच, ग्रीसच्या हातांनी, बहिणीच्या घराकडे निघाला.

चिऊ गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा चिमटा लावायला लागली.

"नट घट्ट होता," तो म्हणाला.

"मला माहितीय."

"चिऊ, मला..." त्याने ग्रीसचे हात पँटला पुसले. "मला फाटलेलं ऐकू येत नाही गं. सहा महिने झाले."

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील." ती जवळ आली. "तेही माहितीय. पाठीमागून हाक मारली तर वळत नाहीस. काउंटरवर फोन वाजून वाजून बंद पडतो. मी वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. कान गेले, त्यात तुझा काय दोष, दादा? पण तू ते माझ्या नावावर खपवलंस. तेही मास्तरांसमोर."

तो खालमानेने उभा राहिला. तिने बादलीतला शेवटचा टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"मास्तरांना तू खरं सांगणार असशील तर येते."

"सांगतो."

"आत्ता, आज."

"हो गं बाई, आज."

दुकानात येऊन तिने ड्रॉवरमधून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. कानसेन आजवर मीटर लावणाऱ्यांना हसत आला होता. तिने सबवूफरच्या वायरी सोडवून मीटरला जोडल्या, गेन शून्यावर आणला, बास वाढवायचं बटण बंद केलं, टेपवर तोच एकसुरी आवाज लावून पाऊणवर ठेवला.

"सबवूफर तीनशे वॉटचा, चार ओहमचा," ती त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली. "तीनशे गुणिले चार, बाराशे. त्याचं वर्गमूळ साडेचौतीस. मीटर चौतीस व्होल्टवर आला की थांबायचं. आधी सांग, तू गेन कुठे ठेवला होतास?"

त्याने बटण मघाच्या जागी फिरवलं. मीटरवर एकावन्न उमटले.

"तिसरा वाचला कसा मग?"

"वास आला."

"म्हणजे नाकसेन झालास," ती म्हणाली. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने दुसरीकडे पाहिलं. त्याने बटण मागे घेतलं, शून्यापासून पुन्हा सुरू केलं. वीस. अठ्ठावीस. तेहतीस. चौतीस. बोट उचललं. चिऊने वायरी पुन्हा सबवूफरला जोडल्या.

मास्तर पाचला आले. कानसेनने शब्द मनात जुळवून ठेवले होते, पण ऐन वेळी सगळे उलटसुलट झाले.

"मास्तर, हिची वायर घट्टच होती. मला ऐकू कमी येतं. दोन्ही सबवूफर माझ्या हाताने जळले."

मास्तर चिऊकडे वळून काहीतरी बोलले. त्यांची पाठ कानसेनकडे होती, त्यामुळे ते काय म्हणाले ते त्याला कळलं नाही. मग ते गाडीत बसले, काचा वर केल्या. दोन गाणी होईपर्यंत कानसेन बाहेर उभा होता. मास्तरांनी काच खाली करून मान डोलावली. आवाज खरंच चांगला होता, की हा माणूस भिडस्त होता? ते आता आपल्याला कधीच स्वतःहून कळणार नाही, हे कानसेनला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं.

गाडी गेल्यावर चिऊने वही उघडली. गेल्या सहा महिन्यांत त्याने नुसत्या कानाने लावलेल्या एकोणीस गाड्या होत्या.

"सगळ्यांना बोलवावं लागेल," ती म्हणाली.

त्याने पहिला नंबर लावला. पलीकडचा माणूस आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. पुढचं काही कळेना तेव्हा कानसेनने फोन बहिणीकडे दिला आणि ती बोलत असताना तिच्या ओठांकडे लक्ष लावून बसला.