मोरीकडची टमाटी

जाईबाईच्या मोरीकडच्या टमाट्यांची पानं पिळली आणि मार बसला जाईबाईला. पाटसजवळच्या त्या वस्तीत शहात्तर साली असंच चालायचं. पीक बिघडलं की आधी बाईकडं बोट.

वीस रोपं होती. शेंड्याची पानं दोरीसारखी वळलेली, देठ वाकडे. सासू ताईबाईनं ओट्यावर बसूनच निदान केलं, "दोन महिनं ही बाजूला बसलीच न्हाई. इटाळ लपवून झाडांस्नी शिवती, दुसरं काय!"

अहो, बाजूला बसायला इटाळ यायला नको? जाईबाईला दिवस गेले होते. मागं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत ती ब्र काढणार नव्हती.

नवऱ्यानं, मच्छिंद्रानं, बाभळीचं दांडकं घेतलं. पाठ, कंबर, मांड्या, बघितलं नाही काही. पोटाशी हात घेऊन ती मोरीत पडली.

"मारू नगा! दिवस गेलेत मला!"

"आता सुचलं व्हय, खोटारडे?" म्हातारी किंचाळली. मच्छिंद्रानं वर लाथ घातली. मुडदा बशिवला त्याचा!

तेवढ्यात कारखान्याचे ओव्हरसीअर सोपानराव ऊस बघायला आले. त्यांनी दांडकं हिसकून फेकलं. भांडण कशावरून ते ऐकलं आणि पान उलटून पाहिलं.

"हा बोकड्या रोग न्हाई. पांढरी माशी न्हाई, जुनी पानं धड हायेत, नवीच पिळल्यात. काय मारलं यावर?"

"मावा पडला व्हता. त्याचं औषध."

"पंप कुठला?"

"उसात गवत जाळायचं औषध मारलं, त्योच. इसळला व्हता की एकदा."

"एकदा! गाढवा, ते औषध असं जातंय व्हय? बायकोला मारतोस आन् झाडं तूच जाळलीस!"

मच्छिंद्राचं तोंड उतरलं. "मरत्यात का मग?"

"नवा शेंडा फुटला तर जगतील."

"जगत्यात!" ताईबाई हरखली. "ऊठ गं जाई, सायबास्नी चहा टाक."

जाईबाई भिंत धरून उठली. लुगडं मांडीपासून खाली भिजून लाल झालं होतं.

"घ्या आत्याबाई. आता बसते बाजूला."

मच्छिंद्र तिला धरायला धावला. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं.

"हात लावलास तर डोकं फोडीन."

त्याला ते खरं वाटलं नाही. तो पुढं आला, आणि तिनं मोरीचा दगड दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळात घातला.