नाकाखालचं बोट

"एकदाच घेणार रे, रोज थोडीच?" म्हणत भीमराजनं शर्टाच्या खिशातली पुडी दाखवली. आत अफूचा काळपट खडा होता. कंपनीत माल भरायला येणाऱ्या राजस्थानी ड्रायव्हरनं दिलेला.

"त्यांच्याकडं पाहुण्याला तळहातावर देतात, राव. मानानं! अंग एकदम हलकं होतं म्हणे. उद्या सुट्टी आहे. घ्यायची नि निवांत पडायचं. डोक्यात प्रेसचा धाडधाड आवाज नाही, काही नाही."

"मानाचा पाहुणा! थोबाड बघितलंस का आरशात?" मी चिडलोच. चाकणला पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर आम्ही उमेदीची वर्षं घासलीत. शिफ्ट बदलली की बिचाऱ्याची झोप उडते, हे मला ठाऊक होतं. व्यसन, पोलीस, बायकापोरं, सगळं सांगून झालं. गडी आपला हसतोय.

"हिंदुराव, तुला मजाच कळत नाही भावा."

"बरं, नाही कळत. आधी घरी जेवायला चल. मग घाल काय गोंधळ घालायचा तो."

तळवड्याला घरी पोचलो तेव्हा आई झोळीला झोका देत बसली होती. झोळीत माझा धाकटा झोपलेला. मी आडपडदा ठेवलाच नाही.

"आई, ह्याला अफू खायचीय."

भीमराजनं मान खाली घातली. आईनं हात पुढं केला, तशी त्यानं मुकाट्यानं पुडी दिली. तिनं ती उघडून हुंगली.

"त्योच वास," ती म्हणाली. "मोशीला वीटभट्टीवर व्हतो आमी. समद्याच बाया द्यायच्या पोरांस्नी, दुधात कालवून. पोर झोपतंय, आपलं काम व्हतंय. ह्या हिंदुरावच्या आदीची पोर माजी, लई रडायची. त्या दिशी अफू जरा जास्तच पडली आसंल. दुपार झाली तरी आवाज न्हाई. अन् मी इटा थापता थापता बायास्नी सांगतेय, आज शानी झाली बघा माजी पोर, अजाबात रडली न्हाई."

बहीण अफूनं गेली एवढंच मला माहीत होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकलं.

"मावशी..." भीमराजनं आईच्या हातातली पुडी घेतली. तो उठला, पुडी घेऊन मोरीत गेला. खडा टाकून त्यानं वर तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक तांब्या.

बायकोनं ताटं वाढली. आम्ही जेवत होतो, तेवढ्यात आईनं झोळीत हात घालून पोराच्या नाकाखाली बोट धरलं. पोर झोपलं की ती रोजच धरते. बायको त्यावरून तिची थट्टाही करते.

आज पोर दचकून जागं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं. बायको धावत आली, पण आईनं तिला हातानंच थांबवलं.

"घेऊ नगंस लगीच," ती म्हणाली. "रडू दे. जरा रडू दे त्येला."

भीमराजनं हातातला घास ताटात ठेवला. पोर रडत होतं आणि आई डोळे मिटून ऐकत होती.