विहिणीच्या दारातली फक्की

बुराई नदीच्या काठी कुंदाबाईचं गाव आणि पल्याडच्या वस्तीत तिची लेक नूतन दिलेली. मध्ये वाळूचं रुंद पात्र. आठ महिने नदी त्या वाळूखाली निजून असायची आणि पावसाळ्यात उठली की दोन्ही काठांची झोप मोडायची. धान्य निवडताना कुंदाबाई गुणगुणायची,

नदीना पल्याड लेक मनी नांदस,
वारा येस तथाईन, पदरमा मी बांधस.

वारा बांधायची, पण स्वतः कधी गेली नाही. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तिचा नेम. आणि विहिणीच्या दारी जाऊन कोरडंच परतायचं, तर तो विहिणीचा अपमान. त्यापेक्षा न गेलेलं बरं. जावई हितेंद्रने मागच्या साली नवं घर बांधलं, तेव्हाही तिने लुगडं तेवढं पाठवून दिलं. लग्नाची वरात वस्तीच्या वरच्या आळीत, मारुतीपाशी गेली होती. लेक तिथेच कुठेतरी नांदते, असं ती धरून चालली होती.

कुंदाबाईच्या गावाला लागून नदीकाठी गोटे-रेतीची खदान. ठेका संपला, मशिनी गेल्या, मागे उभ्या कड्यांचा खड्डा राहिला. गेल्या पावसाळ्यात तिची म्हैस त्या कड्यावरून घसरली. खालच्या पाण्यात ती पोहत राहिली, चहूकडे फिरून वर यायला जागा शोधत राहिली, आणि दिवस मावळता थकून बुडाली. काठावरून हाका मारण्यापलीकडे कुणाला काही करता आलं नाही.

तेव्हापासून कुंदाबाईला एकच ध्यास, खदान बुजली पाहिजे. तिने ग्रामसभेत बाया नेल्या, ठराव करून घेतला. खड्डा काठोकाठ भरायचा आणि गावाच्या बाजूने उंच बांध घालायचा. भरावाचं काम घेतलेल्या ठेकेदार धनसिंगने तसा आराखडा दिला.

पल्याडची वस्ती खवळली. नूतनची सासू मंजुळाबाई कोरड्या पात्रात उभी राहून ओरडली, "इहीनबाई, तुमनी खदान बुजनी का पानी आमना घरमा ई."

"येऊ द्या," कुंदाबाई म्हणाली. "तुमनं तोंड तरी धुवाई जाई."

लग्नात दोघींनी एकमेकींवर अशीच गाणी रचली होती. हेही तिला त्यातलंच वाटलं. नूतन फोनवर खदानीचं नाव काढायची नाही. सासरचं गाऱ्हाणं माहेरी आणायचं नसतं, हे आईनेच तिला शिकवलं होतं.

वैशाखात धुळ्याहून संघमित्रा नावाची इंजिनीअर पाहणीला आली. खदान बघून झाल्यावर म्हणाली, "आता पलीकडे जाऊ. ज्यांची मागणी आहे त्यांनीही चला." कुंदाबाईला जावंच लागलं.

पल्याडच्या काठावर माणसं चुन्याची फक्की टाकत होती. खदान भरून बांध घातला, तर पुराचं पाणी या बाजूला कुठवर चढेल, त्याची ती पांढरी रेघ. रेघेच्या आतलं सगळं निळ्या पूररेषेत जाणार. तिथे नवी वीट लावता येत नाही, आणि पाणी घरात शिरेल ते वेगळंच. कुंदाबाई रेघेच्या कडेने चालत गेली. रेघ कपाशीच्या शेतातून गेली, उकिरड्यावरून गेली, आणि एका नव्या घराच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने बाहेर पडली.

"हाई घर कोनं शे?" तिने विचारलं.

मंजुळाबाई शेजारीच होती. टोमणा मारायला याहून चांगली वेळ नव्हती. पण ती हळूच म्हणाली, "तुमनी लेकनं."

दारात नूतन उभी होती. आईकडे बघावं की पायाशी पडलेल्या फक्कीकडे, ते तिला कळत नव्हतं.

कुंदाबाई तिथेच मटकन बसली. "माय, तू सांगं का नही?"

"तू उनी ऱ्हाती तं देखती," नूतन म्हणाली. लग्नानंतर आई पहिल्यांदाच या दारी आली होती.

मंजुळाबाईने बाज ओढून आणली. "हाईवर बसा. पानी नही देत मी, तुमना नेम तुमले लखलाभ. बाजले काही नेम नही."

फक्की टाकणारी माणसंही हसली. कुंदाबाई डोळे पुसत बाजेवर बसली.

संघमित्रा तिच्याजवळ आली. "मावशी, तुम्हाला खदान बुजलेली हवी आहे, की तो कडा नकोय?"

म्हैस कुंदाबाईच्या डोळ्यांसमोर पाण्यात फिरत होती. "कडा नको," ती म्हणाली. "पानीनी मनं काय बिघाडं?"

"मग कडे तोडून सगळीकडून उतार करता येईल. बांध नाही, भराव नाही. पूर आला की पाणी आधी खदानीत पसरेल आणि ही रेघ खाली सरकेल. किती, ते मोजूनच सांगेन."

"बाई, हे आधी बोलायचं ना," पाहणीला सोबत आलेला धनसिंग म्हणाला. "मी तालुकाभर मुरूम शोधत हिंडतोय."

गावच्या ग्रामसभेत, पहिल्या ठरावाला तिच्यासोबत आलेल्या ताईबाईने कुंदाबाईला सर्वांदेखत धरलं. "लेकनं घर देखं नी पलटनी."

"हो, पलटनी. तुमनी लेक ऱ्हाती तं तुम्ही बी पलटता. पन म्हैस मनी मरनी, म्हनीसन सांगस. पडेल जीवले वर येवाले वाट पाहिजे. भराव कसाले?"

उताराच्या ठरावाला एका बाईचा हात वर झाला, मग दुसरीचा झाला. ताईबाईने सगळ्यांच्या शेवटी केला, पण केला.

पावसाआधी खदानीचे कडे तोडून उतार झाले. नवी फक्की पडली ती उकिरड्याच्याही खाली, नदीकडे. घर रेघेबाहेर सुटलं. तरीही दोन्ही काठांवर कुणी सुटकेचा निःश्वास टाकला नाही. फक्की माणसांनी टाकली होती, नदीने अजून काही म्हटलं नव्हतं.

भादव्यात बुराई आली. सकाळपासून गढूळ, फुगलेली. तिच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. मग पाणी खदानीकडे वळलं, उतारावरून आत पसरलं, पसरतच राहिलं, आणि पल्याडच्या काठावरचा त्याचा जोर ओसरला.

कुंदाबाईने फोन लावला. "पानी कोठे शे व?"

"खाले," नूतन म्हणाली. "उकिरडालगून बी उनं नही. आत्या म्हनतीस, इहीनबाईले सांग, तोंड धुवानं ऱ्हाई गयं."

कुंदाबाई हसली. हसता हसता खाली बसली. "तू काय करी ऱ्हायनी?"

"भाकरी टाकस."

"टाक, टाक."

पण फोन तिने ठेवला नाही. पलीकडे नूतननेही बहुधा तो तसाच चुलीपाशी ठेवून दिला असावा. पिठावर पडणाऱ्या हातांची थाप ऐकू येत राहिली, आणि कुंदाबाई ती ऐकत बसून राहिली.